नसाबापुढं ठेवलेला विषय

जऊळका ठेसन, १४ जुलै १९४६

मोहनसिंग यास,

वर चिरंजीव लिहिनार होतो, पर हात थांबला. ज्याले तांड्यानं बाहेर काढलं त्याले नाईकानं काय म्हनून लिहावं, हे कोनी ठरवलेलं नाही. म्हनून नुसतं नाव लिहिलं. वाईट वाटून घेऊ नको. वाटलं तं वाटू दे.

नागपूरहून तुहं कार्ड आलं तवा मी वावरात होतो. इंद्रभान पोस्टमननं नेहमीसारखं लिंबाखाली उभं राहून मोठ्यानं वाचलं. आपल्या तांड्यात कार्ड कोनाचंबी असो, ऐकतात सगळे, हे तुले काय ठाऊक नव्हतं? 'बा, कालेजच्या फारमावर मी राज्यशास्त्र लिहिलं नाही. यंदा नवा निघालेला विषय लिहिला, राष्ट्राराष्ट्राच्या व्यवहाराचा.' मी घरी येईलोक म्हाताऱ्याकोताऱ्यायच्याबी तोंडी हे झालं होतं. संध्याकाळी नसाब बसला, तांड्याची सगळी पंचायत लिंबाखाली गोळा झाली.

तू नव्हता, म्हनून काय झालं ते माह्याच तोंडून ऐक. लोक तिखटमीठ लावून सांगतीन. लखीराम कारभारी उठला अन् म्हने, महिन्याखाली याच लिंबाखाली पंचायनं ठरवलं का पोरगा राज्यशास्त्र घेईन. पोरानं पंचायचा शब्द मोडला. पोरगा नाईकाचा हाये, तं आता नाईकच सांगो.

सगळे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. मोहन, दुसऱ्याच्या पोराले मी जे केलं असतं तेच तुले केलं. 'जोवर तो इथं येऊन पागोटं खाली ठेवत नाही अन् चुकलो म्हनत नाही, तोवर त्याच्या हातचं कोनी काही घेयाचं नाही. पानी नाही, भाकर नाही, वस्त नाही.' हे शब्द लखीरामचे नाही, माहे हायेत.

घरी आलो. तुह्या याडीनं भाकर वाढली, पानी ठेवलं नाही. मी उठून घेतलं.

आता तू म्हनशीन, बुढा मंग पत्र कसा लिहून राह्यला? निवाडा मीच दिला, मले तो पाठ हाये. घेनं बंद केलं. देनं बंद केलं असं कोनी म्हनलं नाही. म्हनून मी लिहीन. पर तुहं पत्र मले घेता येनार नाही, ते तुह्या हातची वस्त होते.

राज्यशास्त्रात तुले काय काटे दिसले बे? महिन्याखालच्या नसाबापुढं तू काय बोलला ते मले अजून ऐकू येते. 'राज कसं चालवतात हे मी बाच्या मांडीवर बसून पाह्यलं. पर हद्दीच्या बाहेर पाय ठेवला का आपलं काय होते, ते इथं कोनालेच ठाऊक नाही. आजा बाबूसिंग मिठाचे बैल घेऊन इंग्रजाच्या, निजामाच्या, होळकराच्या मुलखातून जात होता. हरेक नाक्यावर कोनाले किती झुकायचं ते त्याले ठाऊक होतं. आपल्यातून ते ग्यान गेलं. मले ते परत आनायचं हाये.' लखीराम हसला अन् म्हने, बैल गेले, मीठ रेल्वेनं नेलं, आता परमुलखाशी आपली काय सोयरीक? पोरगा राज्यशास्त्र शिकून तहसीलदार झाला तं जंगलातली चराई तरी सुटीन. लोकायले ते पटलं. पटन्यासारखंच होतं.

ये अन् चुकलो म्हन. एका शब्दाचं काम हाये.

धनसिंग बाबूसिंग, नाईक


जऊळका ठेसन, ३ नोव्हेंबर १९४६

मोहनसिंग,

दिवाळीले तू आला नाही. पंधरा दिवस तुही याडी ठेसनाकडच्या रस्त्यावर गवऱ्या थापत होती. तिथं शेन नाही का काही नाही, इकडून नेऊन थापत होती.

तिच्या नावानं तुहं कार्ड आलं अन् तांड्यात नवाच घोळ झाला. इंद्रभान वाचाले लागला, तं लखीराम म्हने, थांबा, हे ऐकनं म्हंजे घेनं होते का? पुन्हा नसाब बसवला. दोन घंटे, बापा! एक म्हने कानानं घेतलं तेबी घेनंच. दुसरा म्हने कानात काही उरत नाही. शेवटी धनीबाई बुढी ओरडली, 'कावळ्याचं ओरडनं रोज ऐकतो, तं काय त्याच्या घरी जेवलो का आपुन?' सगळे हसले अन् ठरलं. पोस्टमननं कार्ड वाचावं, आमी ऐकावं, अन् कार्ड त्यानंच आपल्या थैल्यात परत घालावं.

तसंच झालं. तुह्या याडीनं दोन्ही हात पाठीमागं बांधून ऐकलं. 'मी बरा आहे' एवढंच तं लिहिलं होतं तू. ती इंद्रभानले म्हने, पुन्हा वाच. त्यानं तीन खेपा वाचलं. मंग कार्ड थैल्यात गेलं.

म्हनून सांगतो, कार्डच लिहीत जा. पाकीट नको. पाकीट आलं तं घ्या लागते, अन् घेता येत नाही. कार्ड घ्या लागत नाही.

तुही हजेरी बरोबर हाये ना? अभ्यास काय शिकवतात ते कार्डावर लिहिलं तं ऐकायले बरं वाटीन. तुह्या याडीले, मले नाही.

धनसिंग, नाईक


जऊळका, २९ एप्रिल १९४७

मोहन,

तुह्या बहिनीचं, ललिताचं, लगन झालं. पोरगा गोविंदसिंग, पैनगंगेच्या पल्याडचा तांडा, हिंगोलीच्या अलीकडं. घर चांगलं हाये. चार बैल, दोन म्हशी. नदी मधात हाये, पर नदी कायची, चैतात गुडघ्याले लागत नाही. बकऱ्या चरत चरत पल्याड जातात अन् सांजले परत येतात. कालीचिंचेच्या बाजारात जायाले जेवढा येळ लागतो, त्याच्यापेक्षा थोडा जास्त, एवढंच.

लिहायचं नव्हतं, पर लिहितो. निघताना पोरगी ढावलो म्हनते, एकेकाच्या गळ्यात पडून त्याच्या नावानं रडते, हे तुले ठाऊक हाये. याडीच्या गळ्यात पडली, माह्या पडली, लखीरामच्याबी पडली. मंग भावाची पाळी आली. तिनं इकडंतिकडं पाह्यलं अन् जाऊन लिंबाच्या बुंध्याले मिठी मारली. तुह्या नावानं एवढी रडली का बायाच काय, मानसंबी खाली पाहून राह्यले. कोनी उठवाले गेलं नाही. लखीराम माह्या कानात म्हने, नाईक, पोराले बोलवायले पायजे होतं. मी म्हनलो, तूच निवाडा मागतला होता ना?

तुही आठवन तिनं काढली, म्या काढली नाही. मी फक्त घडलं ते सांगून राह्यलो.

एक खरं सांगतो, आज मन हलकं झालं म्हनून. तुह्या विषयाचं नसाबापुढं ठेवायची काही गरज नव्हती. कोनत्याच तांड्यात कोनत्या नाईकानं पोराच्या शिक्षनाचं पंचायले इचारलं नाही, कारन कोनाचं पोरगं तेथलोक गेलंच नाही. मले मिरवायचं होतं. माह्या पोरापुढं दोन दरवाजे उघडे हायेत, कोनत्यातून जाऊ म्हनून इचारते, हे चार लोकायनं पाहावं असं वाटलं. अन् एकदा नसाबापुढं ठेवलेली गोष्ट परत उचलता येत नाही. घरातच ठरवलं असतं तं कोनालेच काही नव्हतं.

धनसिंग


जऊळका, २४ ऑगस्ट १९४७

मोहन,

स्वातंत्र्य आलं. मालेगावले झेंडा लागला, साखर वाटली, पोरायनं गानी म्हनली. मीबी तांड्यातल्या वीस-पंचवीस मानसायले घेऊन गेलो होतो. सायबानं भाषन केलं, समजलं थोडंच, पर अंगावर काटा आला.

परत येताना गोविंदसिंगचा भाऊ भेटला. म्हने, आमच्याकडं झेंडा नाही. आमच्याकडं निजामच हाये. म्या म्हनलो, अरे, सकाळी म्हैस सोडली तं माह्या वावरात येते तुही, अन् तुहं राज दुसरं? तो म्हने, काय सांगू मामा, नाक्यावर आता शिपाई बसले.

पल्याडच्या राजाचं म्या इचारलं होतं ते कार्ड तुले भेटलं दिसते, कारन उत्तर आलं. इंद्रभाननं वाचलं. 'बा, सध्या नदीपल्याड वेगळं राष्ट्र समजावं लागेल. करार होईपर्यंत जाणंयेणं जपून करावं. ललीला निरोप द्या.' म्हातारे एकमेकाकडं पाहून राह्यले. धनीबाई बुढी म्हने, म्हंजे नाईकाची पोरगी परमुलखात गेली का?

मले लखीरामचेच शब्द आठवले, आता परमुलखाशी आपली काय सोयरीक. सोयरीक तं आपुनच चैतात केली होती, वाजतगाजत.

तुहा अभ्यास चालू ठेव.

धनसिंग


जऊळका, ९ मे १९४८

मोहन,

घाईनं लिहून राह्यलो, गाडी येनार हाये, तिच्यासंगच टाकतो.

ललिता पोटुशी हाये. सातवा सरला. पहिलं बाळंतपन माहेरी, हे तुले सांगायची गरज नाही. मी गाडी जुंपून तिले आनायले गेलो, तं आपल्या काठच्या नाक्यावर अडवलं. कागद दाखवा. म्या म्हनलो, कायचा कागद, पोरगी हाये माही. शिपाई चांगला होता, म्हने, बाबा, इकडून जाऊ दिलं तरी तिकडचे येऊ देनार नाही. तिकडं रझाकार हायेत, गोळी घालतात. दोन्ही बाजूचा शिक्का असलेला कागद पायजे.

मालेगावले गेलो, वाशिमले गेलो. तहसिलात कारकुनानं सांगतलं, हा परमुलखाचा मामला हाये, आमच्या हातात नाही. म्या इचारलं, मंग कोनाच्या? त्याले ठाऊक नव्हतं. कोनालेच ठाऊक नाही, मोहन. राज कसं चालते ते सांगनारे पन्नास भेटले. हद्दीवरून पोरगी कशी आनायची ते सांगनारा एक भेटला नाही.

तुले हे ठाऊक असीन. तू तेच शिकून राह्यला. कोनाले अर्ज करायचा, काय लिहायचं, कोनत्या सायबाच्या दाराशी उभं राहायचं, ते कार्डावर लिही. बारीक अक्षरात लिही, दोन कार्डं लाव. इंद्रभान वाचीन, मी ध्यानात ठेवीन. माही याददाश्त अजून चांगली हाये.

पाकीट पाठवू नको.

तुहा
धनसिंग


जऊळका, १४ जून १९४८

मोहन,

तू पाकीट पाठवलं.

रजिस्टर होतं. इंद्रभान तांड्यात आला तवा दुपार होती, लिंबाखाली सगळे बसले होते. त्यानं कार्डासारखं काढलं अन् म्हने, नाईक, सही लागते. म्या म्हनलो, उघडून वाच. तो म्हने, सही घेतल्याबिगर रजिस्टर उघडता येत नाही, नोकरी जाईन माही. म्या म्हनलो, मंग तूच सही कर. तो म्हने, असं होत नाही नाईक, ज्याच्या नावानं हाये त्यानंच घ्या लागते.

घ्या लागते! म्या कितीक खेपा लिहिलं होतं तुले, कार्ड लिही म्हनून? तुले काय वाटलं, बापानं गंमत म्हनून लिहिलं?

तुह्या याडीनं हात पुढं केला होता. जात्यावरून उठून आली होती, हाताले पीठ तसंच होतं. म्या तिचा हात धरला. सगळे पाहून राह्यले होते, लखीरामबी. तो चक्क म्हने, 'नाईक, पोरीचा मामला हाये, घेऊन टाका, मी काही म्हनत नाही.' ऐकतं का तू? लखीराम म्हने घ्या, अन् मी म्हनलो नाही. अरे, आज नाईकानं आपल्यासाठी निवाडा मोडला तं उद्या तांड्यात कोन कोनाचं ऐकीन? असाच निवाडा देऊन ज्या बाईले मी दोन वर्साखाली माहेराहून तोडलं, तिच्या तोंडाकडं मी कसं पाहावं? तिलेबी पोरगी हाये.

इंद्रभान चांगला मानूस. म्हने, पोस्टात सात दिवस ठेवतो, मंग परत धाडाचं लागीन. तवालोक या नाईक, शांतपनानं.

सातवा दिवस काल झाला. पाकीट आज सकाळच्या गाडीनं परत गेलं.

त्यात काय होतं ते पुन्हा कार्डावर लिही. लवकर लिही. नववा लागला.

धनसिंग बाबूसिंग, नाईक


जऊळका, १५ जुलै १९४८

मोहन,

तुहं कार्ड २७ जूनले आलं. मले पाठ हाये. 'पाकिटात कागद होता. प्राध्यापकांना घेऊन मी तीन आठवडे कचेऱ्या फिरलो. त्यावर दोन्ही शिक्के होते. मुदत तीस जून. आता दुसरा देत नाहीत. कागद कार्डावर कसा चिकटवू, बा?'

इंद्रभाननं एवढं वाचलं अन् कार्ड थैल्यात घातलं नाही, खाली मातीत ठेवलं अन् सायकल घेऊन गेला. कोनी उचललं नाही. सांजले पाहिलं तं तुही याडी ते चोळीत घालून बसली होती. त्या दिवसापासून ती माह्याशी बोलत नाही.

पुढचं तुले कोनीतरी सांगतलंच असीन. तरी मी सांगतो. माह्याच तोंडून ऐक.

गोविंदसिंगनं तिकडून निरोप धाडला का तिकडं दंगा वाढला, तांडा रानात पळून राह्यला, मी तिले नदीवर आनतो, तुमी अल्याडून या. पाच जुलैले मी गाडी घेऊन काठावर गेलो. पल्याड त्यायची गाडी उभी होती. यंदा पानी उशिरा हाये, मधात एवढंच पानी का मेंढी वाहून जानार नाही. त्यायच्या नाक्यावाल्यायनं गाडी खाली उतरू दिली नाही. म्या एक पाऊल पान्यात टाकलं, तं तिकडून बंदूक उचलली. आपल्या शिपायानं मले पाठीमागून धरलं. म्हने, बाबा, मरशीन, अन् मी तुह्यासाठी लढाई लावू शकत नाही.

दोन दिवस मी या काठावर अन् ती त्या काठावर. गाडीत बसलेली दिसत होती. चोळीवरचे आरसे उन्हात चमकत होते, तिनं हालचाल केली का तेबी हालत होते. म्या तेवढ्यावरून ओळखायचो, आता बसली, आता आडवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाया तिच्याभोवती लुगडं धरून उभ्या राह्यल्या. मंग आरसे दिसले नाही. मी ओरडत होतो, ललिता, ललिता, मी इथंच हाये. तिनं ऐकलं का नाही, ठाऊक नाही. ऐकनं म्हंजे काही घेनं नाही.

सांजले गोविंदसिंग काठावर आला अन् त्यानं डोक्याचं पागोटं सोडून पान्यात टाकलं. तवा मले समजलं. पोरगं होतं म्हनतात. तेबी राह्यलं नाही.

आता जे कोनालेच सांगतलं नाही ते लिहितो. ते सात दिवस मी रोज जऊळक्याले गेलो होतो. रोज पोस्टाच्या खिडकीशी उभा राह्यलो. इंद्रभान काढून दाखवायचा अन् मी पाहून परत यायचो. तुहं अक्षर होतं वर. सातव्या दिवशी खिडकीशी कोनी नव्हतं. लखीराम नव्हता, तांड्यातलं चिटपाखरू नव्हतं. मी सही केली असती तं कोनालेच समजलं नसतं. तरी मी घेतलं नाही.

तू मले इचारशीन काहून. मीबी मले रोज इचारतो. मले वाटलं का तू येशीन. पाकीट परत गेलं का रागानं येशीन, मले शिव्या देशीन, अन् चुकलो म्हनशीन. एवढंच होतं, मोहन. मले तुह्या तोंडून चुकलो ऐकायचं होतं. लेकीच्या जिवावर म्या ते मागून राह्यलो होतो.

तुह्या विषयाचं मले तवाच पटलं होतं, लिंबाखाली, तू आज्याचं बोलला तवाच. पर पंच दुसरं म्हनले अन् मी नाईक होतो.

धनसिंग


जऊळका, ३ ऑक्टोबर १९४८

मोहन,

गेल्या महिन्यात निजामाच्या मुलखात आपली फौज गेली. पाच दिवसात सगळं आटोपलं. आता नाक्यावर कोनी नाही, खांबबी लोकायनं सरपनाले नेला. काल गोविंदसिंगच्या म्हशी माह्या वावरात आल्या होत्या, सगळी जवारी खाल्ली. मी हाकलल्या नाही.

अडीच महिने. दुसरं काही लिहीत नाही.

म्या नसाब बसवला. पागोटं खाली ठेवलं अन् म्हनलो, निवाडा चुकला, उचला. लखीरामच्या डोयात पानी होतं, पर तो म्हने, नाईक, शब्द तुमचाच हाये, पोरानं येऊन चुकलो म्हनलं पायजे. म्या इचारलं, त्यानं काय चूक केली ते तरी सांगा. कोनालेच सांगता आलं नाही. तरी उचलला नाही. मले राग आला नाही. माह्यासारखंच वागून राह्यले ते, मीच शिकवलं.

नाईकी सोडली. पागोटं तिथंच लिंबाखाली राह्यलं, लखीरामनं उचललं. आता मी कोनाच्याबी हातचं काही घेऊ शकतो, तांड्यानं मलेबी बाहेर काढलं तं काढू दे. तुहं पाकीट, रजिस्टर, काहीबी. मी रोज अकराच्या गाडीले ठेसनावर येऊन बसतो. इंद्रभान लांबूनच मान हलवते.

ऑगस्टातलं माहं पाकीट परत आलं. सप्टेंबरातलंबी आलं. वर नागपूरच्या पोस्टमननं काही लिहिलं असीन म्हनून पाह्यलं, तं अक्षर तुहं होतं. 'घेणार नाही.'

वळन मात्र चांगलं झालं तुहं. शाळेत तिरपं काढायचा.

हे पाकीटबी परत येईन का?

धनसिंग


कार्ड. जऊळका, १२ डिसेंबर १९४८

मोहन, तिन्ही पाकिटं परत आली. म्हनून कार्ड लिहून राह्यलो. कार्ड घ्या लागत नाही. तुह्या खोलीवर येनाऱ्या डाकवाल्याले मोठ्यानं वाचू दे, तू आपले हात मागं बांधून ऐक, मंग त्याले थैल्यात घालून नेऊ दे. चुकलो. मी चुकलो. तू काही म्हनू नको, येऊबी नको. याडी बरी हाये, बोलत नाही. तुहं कार्ड अजून चोळीतच हाये, अक्षर पुसत चाललं. तुही परीक्षा कवा हाये ते ठाऊक नाही. अकराच्या गाडीले मी असतो. आता जागा उरली नाही. तुहा बा.